परदेशप्रवासाचे सामान: वजनाच्या काट्यापलीकडचे नियम

मे महिन्याची सुट्टी जवळ आली, किंवा परदेशी विद्यापीठांची सत्रे सुरू होण्याचे दिवस आले, की मुंबई-पुण्याच्या अनेक घरांत दिवाणखान्याच्या मधोमध उघड्या बॅगा पडलेल्या दिसतात. कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले असते, कोणी उच्च शिक्षणासाठी मेलबर्नला, तर कोणी नोकरीनिमित्त दुबईला. घरातली सारी चर्चा मात्र एकाच आकड्याभोवती फिरत असते: तेवीस किलो. लाडवांचा डबा ठेवला तर लोणचे काढावे लागते, लोणचे ठेवले तर पुस्तके. काटा तेविसावर स्थिरावला की सामान नियमात बसले, असे समजून बॅगेला कुलूप लावले जाते.

वास्तविक वजनाचा नियम हा विमानप्रवासाच्या सामानाविषयीचा सर्वांत सौम्य नियम होय. तो मोडल्यास फार तर जादा शुल्क भरावे लागते, किंवा काउंटरसमोर बॅग उघडून चार वस्तू नातेवाइकांच्या हाती परत द्याव्या लागतात. सुरक्षेचा नियम मोडला, तर वस्तू जप्त होते आणि चौकशीत वेळ गेल्यास विमानही चुकते. जेथे उतरायचे त्या देशाचा नियम मोडला, तर दंड होतो, ऑस्ट्रेलियासारख्या देशात व्हिसा रद्द होऊ शकतो आणि आखाती देशांत प्रसंगी तुरुंगाची वेळ येते. आपले लक्ष मात्र नेमके उलट्या प्रमाणात वाटलेले असते. म्हणून प्रस्तुत लेखात वजनाविषयी आवश्यक तेवढेच सांगून पुढच्या गोष्टींकडे अधिक वळलेले आहे.

नग की वजन?

विमान कंपन्या सामानाची मर्यादा दोन पद्धतींनी ठरवतात. पहिली नगांची पद्धत. अमेरिका आणि कॅनडाच्या प्रवासात प्रामुख्याने ती वापरली जाते. तीत किती बॅगा आणि प्रत्येक बॅग किती किलोची, हे दोन्ही ठरलेले असते. इकॉनॉमी वर्गात २३ किलोच्या दोन बॅगा, ही परिचित मर्यादा या पद्धतीतली. दुसरी एकूण वजनाची पद्धत. आखाती देशांच्या अनेक तिकिटांवर २०, २५ किंवा ३० किलो असे एकच वजन लिहिलेले असते. ते साधारणपणे एकाहून अधिक बॅगांत विभागता येते.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण काउंटरवर तो अडवतो. नगांच्या पद्धतीत एक बॅग २६ किलोची आणि दुसरी २० किलोची असेल, तर बेरीज ४६ होऊनही पहिल्या बॅगेवर जादा शुल्क लागते. दोन्ही बॅगा स्वतंत्रपणे २३ च्या आत हव्यात. वजनाच्या पद्धतीत असा हिशेब नसतो. एकाच आरक्षणावर जाणाऱ्या कुटुंबाचे वजन बहुतेक कंपन्या एकत्र धरतात. मात्र कोणतीही एक बॅग ३२ किलोंहून अधिक चालत नाही, मग तुम्ही कितीही शुल्क भरायला तयार असा. सामान उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा विचार करून ही मर्यादा घातलेली आहे.

‘दोन बॅगा तर मिळतातच,’ हे गृहीतही आता धरू नये. स्वस्त तिकिटांत एकच बॅग, तर काही मार्गांवर एकही नाही, अशा श्रेणी आल्या आहेत. शेजाऱ्यांना गेल्या वर्षी त्याच कंपनीत दोन बॅगा मिळाल्या, हा पुरावा नव्हे. आपल्या ई-तिकिटावर ‘बॅगेज’ या शब्दापुढे ‘२ पीसी’, ‘१ पीसी’ किंवा ‘३० केजी’ असे जे लिहिलेले असते, तेच प्रमाण मानावे. एका तिकिटावर दोन-तीन कंपन्यांची विमाने असतील, तरी प्रवाशाने पाहायचे ते हेच. अमेरिकेला जाण्या-येण्याच्या प्रवासात संपूर्ण तिकिटाला एकच मर्यादा लावणे तेथील सरकारने २०१२ पासून बंधनकारक केले आहे. पण मुंबई-लंडन एक तिकीट आणि लंडनहून पुढचे दुसरे, असे स्वतंत्र आरक्षण केलेले असेल, तर हा आधार उरत नाही. दुसऱ्या कंपनीचा नियम नव्याने लागू होतो. बॅगाही बहुधा लंडनलाच ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात आणि त्यासाठी ब्रिटनमध्ये प्रवेशाचा व्हिसा लागू शकतो. तिकिटात वाचलेले पाच हजार येथे कसे जातात ते कळत नाही.

आकाराचा नियमही असतो. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटर, म्हणजे ६२ इंच, याहून अधिक नसावी. मोजताना चाके आणि मूठ धरावी लागते. उदाहरणार्थ ७५, ५२ आणि ३१ सेंटिमीटरची बॅग बरोबर या मर्यादेत बसते. बाजारात मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या बॅगा पुष्कळदा याच्या बाहेर जातात. शिवाय त्या रिकाम्याच चार-पाच किलोंच्या असतात, म्हणजे तेविसातले पाच किलो आपण नुसते प्लॅस्टिक वाहून नेतो. गाठोडी, गोल बोचकी आणि दोरखंडाने आवळलेले खोके यांबाबत सावध असावे. दुबई विमानतळाने मार्च २०१७ पासून सपाट बाजू नसलेले सामान नाकारण्याचा नियम केला. तिथल्या स्वयंचलित पट्ट्यांवर असे सामान अडकते आणि मागची शेकडो माणसे खोळंबतात.

घरी वजन करताना स्नानगृहातला माणसांचा काटा चालतो. आधी स्वत:चे वजन, मग बॅग हातात घेऊन वजन, आणि वजाबाकी. बॅग लटकवून वजन करण्याचा छोटा काटा मात्र परतीच्या प्रवासातही उपयोगी पडतो. काट्या-काट्यांत फरक असतो, म्हणून २३ च्या मर्यादेत २२ किलोंवर थांबावे.

हातातल्या बॅगेला इकॉनॉमी वर्गात बहुतेक कंपन्या ७ किंवा ८ किलोंची मर्यादा ठेवतात. पूर्वी तिकडे कानाडोळा होत असे. आता अनेक ठिकाणी ती बॅगही काट्यावर ठेवतात.

खोबऱ्याची वाटी आणि कापराची वडी

सुरक्षेच्या यादीतली शस्त्रे, फटाके, स्वयंपाकाचा गॅस वगैरे नावे सर्वांनाच ठाऊक असतात आणि ती कोणी नेतही नाही. अडचण होते ती ज्या वस्तू धोकादायक असतील असे मराठी घरात कोणाच्या स्वप्नातही येत नाही त्यांची. त्यांतली पहिली सुके खोबरे.

मुलीने तिकडे घरचा मसाला करावा म्हणून आई बॅगेत खोबऱ्याच्या वाट्या ठेवते. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते. दमटपणा आणि हवा यांच्या संयोगाने त्या तेलाची रासायनिक क्रिया होऊन आतल्या आत उष्णता साठते आणि ठिणगी न पडताही ते पेट घेऊ शकते. आंतरराष्ट्रीय धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याची गणना ‘आपोआप पेटणारा पदार्थ’ म्हणून आहे. जहाजांवरील मालवाहतुकीत हा धोका फार जुन्या काळापासून माहीत आहे. भारताच्या नागरी हवाई वाहतूक सुरक्षा ब्युरोने २०२२ मध्ये सुक्या खोबऱ्याचा चेक-इन सामानातील निषिद्ध वस्तूंत समावेश केला. क्ष-किरण यंत्रात वाटीचा आकार स्पष्ट दिसत असल्याने अशी बॅग बाजूला काढली जाते आणि प्रवाशाचा पुकारा होतो. नियमाचा रोख सुक्या खोबऱ्यावर आहे, लाडवा-करंजीत शिजून गेलेल्या घटकावर नव्हे. नारळाबाबतही नियम आहे. केबिनमध्ये नारळ नेण्यास मनाई असते. २०२४ च्या अखेरीस शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतील नारळ सोबत ठेवता यावा, म्हणून ब्युरोला ठरावीक मुदतीची खास सवलत जाहीर करावी लागली होती.

दुसरी वस्तू कापूर. तो ज्वालाग्राही घन पदार्थ आहे आणि तो बॅगेत कुठेही चालत नाही. परदेशी घरी गणपती बसवायचा म्हणून पूजेचे साहित्य एका पिशवीत भरून दिले जाते. त्यात कापूर आणि काडेपेटी सहजपणे असतात. त्या दोन गोष्टी काढून टाकल्या की उरलेले वाती, कुंकू, अष्टगंध, निरांजन हे बिनघोर नेता येते. परदेशातल्या भारतीय दुकानांत कापूर मिळतो.

प्रेशर कुकरवर बंदी नाही, परंतु २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या वेळी झालेल्या स्फोटांत प्रेशर कुकरचाच वापर झाला होता, हे अमेरिकेतील तपासनीस विसरलेले नाहीत. जागा वाचवण्यासाठी आपण कुकरच्या पोटात मसाल्याची पाकिटे आणि वाट्या-चमचे भरतो. जाड धातूच्या आत गच्च भरलेली काळी सावली यंत्रात दिसली, की बॅग उघडली जाणारच. कुकर रिकामा आणि झाकण वेगळे करून न्यावा.

अमेरिकेत चेक-इन बॅगा प्रवाशाच्या अनुपस्थितीत उघडण्याचा अधिकार तपास यंत्रणेला आहे. उघडलेल्या बॅगेत ती तशी छापील चिठ्ठी ठेवते. साधे कुलूप असेल तर ते तोडले जाते. लाल हिऱ्याची खूण असलेली, तपासनीसांच्या किल्लीने उघडणारी कुलपे म्हणूनच घ्यावीत.

बॅटरीविषयी थोडे विस्ताराने

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत ठेवण्यास जगभर मनाई आहे. त्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. या नियमाने प्रवासी चक्रावतात. इतकी धोकादायक वस्तू माणसांमध्ये चालते आणि खाली सामानात का चालत नाही? उत्तर सरळ आहे. लिथियम बॅटरी आतून बिघडली, तर तिची उष्णता स्वत:च वाढत जाते. सामानाच्या कप्प्यातील आग विझवणारा वायू ज्वाला दाबतो, पण बॅटरीच्या आतली ही साखळी थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान धूर दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे एअर बुसानच्या विमानाला उड्डाणापूर्वी आग लागून विमान जळाले, तेव्हा आग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात सुरू झाली होती. पॉवर बँक हे तिचे संभाव्य कारण असल्याचे तेथील सरकारने सांगितले. सर्व प्रवासी बचावले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी नियम कडक केले. एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास बंदी केली आणि प्रत्येकी एकच पॉवर बँक नेण्याची मुभा ठेवली. म्हणून पॉवर बँक वरच्या कप्प्यात न टाकता हाताशी ठेवावी.

मर्यादा वॉट-अवरमध्ये सांगितलेली असते आणि वस्तूवर मिलिअँपिअर-अवर छापलेले असतात. छापील आकड्याला हजाराने भागून ३.७ ने गुणले, की वॉट-अवर मिळतात. १०,००० ची पॉवर बँक ३७ वॉट-अवरची, २०,००० ची ७४ ची. शंभरपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० पर्यंत, परवानगी लागत नाही. शंभर ते एकशे साठपर्यंत कंपनीची संमती लागते. त्यापुढे बंदी. ज्या पॉवर बँकेवरची अक्षरे पुसली गेली आहेत, ती मर्यादेतली असली तरी काढून घेतली जाऊ शकते. बॅटरी बाहेर काढता येत नाही अशा ‘स्मार्ट’ बॅगाही चेक-इनला चालत नाहीत.

शंभर मिलिलिटर

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अटलांटिकपार जाणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला. हातातल्या सामानातील द्रवपदार्थांवरचे निर्बंध तेव्हापासूनचे. प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंत, आणि साऱ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजतात ते बाटलीचे माप, आतला पदार्थ नव्हे. दोनशेच्या बाटलीत तळाशी उरलेले तेलही जाते. तूप, लोणचे, श्रीखंड, मध, ओली चटणी, टूथपेस्ट हे सारे सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने द्रवच. लहान मुलांचे दूध आणि औषधे यांना तपासणीनंतर सूट मिळते. नवी यंत्रे बसवलेल्या काही विमानतळांवर हा नियम सैल झाला आहे, पण वाटेतल्या दुसऱ्या विमानतळावर तो जुनाच असू शकतो. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात २०१८ पासून साडेतीनशे मिलिलिटरहून अधिक पूडही वेगळी तपासली जाते. मेतकूट, तिखट आणि मसाले सरळ खालच्या बॅगेतच द्यावेत. आपल्याकडे तिखटाची पूड केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

फराळाचा डबा कोणत्या देशात?

मुंबईच्या विमानतळावर कोणी अडवले नाही, म्हणजे पदार्थ चालतो, हा सर्वांत मोठा गैरसमज. येथली तपासणी विमानाच्या सुरक्षेसाठी असते. तो पदार्थ तिकडे चालतो का, हे पाहणे तिचे काम नव्हे. ते उतरल्यावर, त्या देशाचा अधिकारी पाहतो, आणि प्रत्येक देशाची भीती निराळी आहे.

आखाती देशांची भीती अमली पदार्थांची. आपली खसखस ही अफूच्याच झाडाची बी. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात ती निषिद्ध आहे. सिंगापूरमध्येही तिच्यावर अमली पदार्थविषयक कायद्याने निर्बंध आहेत. आता मराठी फराळाकडे पाहा. अनारसा खसखशीवरच थापतात. करंजीच्या सारणात ती भाजून घालतात. डिंकाच्या लाडवात असते. अनेक घरच्या गोड्या मसाल्यात आणि मालवणी मसाल्यात असते. दिवाळीला दुबईच्या मुलासाठी प्रेमाने भरलेल्या डब्यातील अनारशावर ती उघड दिसते. दुकानात दहा रुपयांच्या पुडीत मिळणारी वस्तू तेथे गुन्ह्याचा विषय होते, हे पटायला जड जाते, पण कायदा आपल्या पटण्यावर अवलंबून नाही. आखातात जाणाऱ्याने खसखशीची पुडी तर नेऊच नये, फराळही तिच्याशिवाय करून घ्यावा. रव्याचे लाडू, चकल्या, शेव यांत काही अडत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची भीती शेतीच्या रोगकिडींची. भारतात गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग आहे. तो ऑस्ट्रेलियात नाही. तो रोग दुधाच्या पदार्थांतून येऊ नये म्हणून पेढे, बर्फी, रसमलाई, गुलाबजाम यांसारख्या मिठाया तेथे काढून घेतल्या जातात. दिवाळीच्या सुमारास तेथील खाते भारतीयांसाठी तशा सूचनाही काढते. दुसरी धास्ती खपरा भुंगेऱ्याची. साठवलेल्या धान्याचा हा कीटक मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याची अळी भिंतीच्या भेगेत अन्नाशिवाय दीर्घकाळ जिवंत राहते, आणि एकदा गोदामात शिरली की निघत नाही. ऑस्ट्रेलियाने २०२० पासून तांदूळ, हरभरे, मूग, मसूर, तूर, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या अशा वस्तू प्रवाशांच्या सामानातून आणण्यास बंदी केली. म्हणजे आपल्या फडताळातले निम्मे जिन्नस. पदार्थ भाजून, तळून तयार केलेला असेल तर तो या बंदीत येत नाही, पण तो जाहीर करावाच लागतो.

जाहीर करणे हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. उतरताना प्रवाशाला आपल्याकडील खाद्यपदार्थांची माहिती द्यावी लागते. ‘आहे’ असे लिहून दिले आणि पदार्थ निषिद्ध निघाला, तर तो काढून घेतात, दंड होत नाही. ‘नाही’ असे लिहिले आणि श्वानपथकाने बॅगेतून आंबा शोधला, तर गुन्हा ठरतो तो खोट्या निवेदनाचा. न्यूझीलंडमध्ये अशा वेळी जागेवरच ४०० डॉलरचा दंड होतो, आणि दप्तरात राहून गेलेले सफरचंदही त्यातून सुटत नाही. इंग्रजी अडखळते म्हणून ‘नाही’ वर खूण करणाऱ्या वडीलधाऱ्यांना निघण्यापूर्वी हे घरीच समजावून द्यावे.

अमेरिकेचा नियम याच्या मधला. लाडू, चकली, चिवडा, लोणची, पापड, मसाले बहुधा जातात. ताजी फळे, मांस आणि मांसयुक्त पदार्थ जात नाहीत. त्याच खपरा भुंगेऱ्यापायी २०११ पासून भारतातून सामानात कच्चा तांदूळ आणि अख्खे हरभरे नेता येत नाहीत, त्यामुळे आंबेमोहोराची पिशवी घरीच ठेवावी. ताजा कढीपत्ताही बंद. त्याच्या पानांवरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारा कीटक जातो. हापूसची गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते. भारतीय आंबा अमेरिकेत २००७ पासून अधिकृतपणे विकला जातो, मग आपण पेटी का नेऊ नये? कारण विक्रीला जाणारा आंबा लासलगाव किंवा वाशी यांसारख्या मान्यताप्राप्त केंद्रांत किरणोत्सर्गाची प्रक्रिया होऊन, तपासणीचा दाखला घेऊन जातो. आपल्या हातातल्या पेटीला तो दाखला नसतो. हवाबंद डब्यातला आमरस चेक-इन बॅगेतून न्यावा. पूजेसाठी गोवऱ्या किंवा गोमूत्र तर मुळीच नेऊ नये. २०२१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बॅगेत शेणाच्या गोवऱ्या सापडल्या, त्या तेथे नष्ट करण्यात आल्या. भीती पुन्हा लाळ्या-खुरकुताचीच.

ब्रिटन आणि युरोपीय संघ यांचा नियम थोडक्यात सांगता येतो: भारतातून मांस आणि दूध यांचे पदार्थ नाहीत. साजूक तूप, खवा, पेढे, बर्फी हे सारे त्यात आले. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीला आणि वैद्यकीय आहाराला दोन किलोंपर्यंत सवलत आहे.

औषधे

औषधे नेहमी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. गोळ्या सुट्या करून डबीत भरण्याची आपली सवय परदेशी अधिकाऱ्यापुढे अडचणीची ठरते. इन्सुलिन खाली सामानात देऊ नये. गोठल्यास ते निकामी होते. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते, एवढ्या एका उदाहरणावरून त्याचे महत्त्व कळेल. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन आणि झोपेच्या काही गोळ्या अमिरातींत नियंत्रित यादीत आहेत. त्यांच्यासाठी तेथील आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. सांधेदुखी वा मज्जातंतूंच्या विकारावर ही औषधे घेणारे ज्येष्ठ नागरिक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि आपण घेतो ती गोळी नेमकी कोणती हे त्यांना बहुधा ठाऊक नसते.

दुसऱ्याचे पुडके

‘जाताच आहात, तर एवढी पिशवी आमच्या सूनबाईंना द्याल का?’ या विनंतीला नकार देणे मराठी संकोचाला जमत नाही. पण चेक-इनच्या वेळी विचारला जाणारा ‘ही बॅग तुम्ही स्वत: भरली का?’ हा प्रश्न उपचार म्हणून विचारला जात नाही. २२ जून १९८५ रोजी व्हँकुव्हरला एका प्रवाशाने बॅग पुढे पाठवली आणि तो स्वत: विमानात चढलाच नाही. त्या बॅगेतील बॉम्बने दुसऱ्या दिवशी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रात कोसळले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. प्रवासी आणि त्याचे सामान यांची सांगड घालण्याचे आजचे कठोर नियम अशा अनुभवांतून आले आहेत.

अमली पदार्थांच्या बाबतीत तर बॅग ज्याची, गुन्हा त्याचा, असाच व्यवहार आहे. मुंबईच्या एका दांपत्याला २०१९ मध्ये दोहा येथे अटक झाली. नातेवाइकाने विश्वासाने सोपवलेल्या पुडक्यात चरस निघाला होता. तेथील न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. आपण फसवले गेलो हे सिद्ध होऊन ते निर्दोष सुटून मायदेशी परतले, तोपर्यंत २०२१ साल उजाडले होते. पुडके न्यायचेच असेल तर ते देणाऱ्यासमोर पूर्ण उघडावे, प्रत्येक वस्तू पाहावी, आणि आपल्या हाताने पुन्हा बांधावे. देणारा रागावला तर पुडके त्याला परत करावे. शिवलेली उशी, चिकटपट्टीने बंद केलेला डबा, वेष्टनातली भेटवस्तू यांना अपवाद करू नये.

बॅग आली नाही तर

दागिने, रोकड, कागदपत्रे, चाव्या आणि लॅपटॉप चेक-इन बॅगेत ठेवू नयेत. अशा मौल्यवान वस्तूंची जबाबदारी कंपन्या आपल्या अटींत नाकारतात. अंगावरचे किंवा सोबतचे दागिने बरेच असतील, तर निघताना भारतीय सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात दाखला घ्यावा. नाहीतर परतताना तेच दागिने परदेशात घेतलेले नाहीत, हे सिद्ध करण्याची पाळी येते. दोन जण प्रवास करत असतील तर एकाचे सगळे कपडे एका बॅगेत न भरता दोन्हींत निम्मे-निम्मे वाटावेत. एक बॅग मागे राहिली तरी दोघांचेही भागते. अमेरिकेत ज्या शहरी प्रथम उतराल, तेथेच बहुतांशी बॅगा घेऊन सीमाशुल्क ओलांडून पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात, अंतिम शहराची चिठ्ठी लावलेली असली तरी. अबुधाबीहून जाणाऱ्यांची ही तपासणी मात्र अबुधाबीलाच होते.

बॅग न आल्यास किंवा मोडून आल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. भारत २००९ पासून माँट्रिअल कराराचा सदस्य आहे. त्यानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांतही न आलेली बॅग हरवली असे धरले जाते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर, म्हणजे विनिमय दरानुसार साधारण पावणेदोन लाख रुपये आहे. ही कमाल मर्यादा होय. ती आपोआप मिळत नाही, आतल्या वस्तूंची किंमत दाखवावी लागते. म्हणून बॅग बंद करण्यापूर्वी उघड्या बॅगेची दोन आणि बंद बॅगेची दोन छायाचित्रे मोबाइलवर काढावीत, आणि बॅगेच्या आतही नाव व परदेशातला दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. बाहेरची चिठ्ठी पट्ट्यांवर फाटून जाते. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेला बॅगेच्या क्रमांकाचा तुकडा बॅग हातात पडेपर्यंत टाकू नये. तक्रारीच्या काउंटरवर पहिल्यांदा तोच मागतात.